भारत १, मलेशिया १ : अकरा सामने, विजय शून्य

मैदानाकाठी | १८ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:५५

सामना संपला आणि टीव्ही बंद करून लगेच लिहायला बसलोय, त्यामुळे थोडं विस्कळीत होईल.

हैदराबादच्या गचिबावली स्टेडियमवरचा भारत-मलेशिया मैत्रीपूर्ण फुटबॉल सामना १-१ असा बरोबरीत सुटला. १९व्या मिनिटाला पाउलो जोसुएने मलेशियाला आघाडी मिळवून दिली. लांबून आलेल्या बॉलवर आपला गोलकीपर गुरप्रीत बॉक्सच्या बाहेर धावत आला, अंदाज चुकला, आणि जोसुएने रिकाम्या जाळ्यात बॉल ढकलला. ३९व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर आपल्या राहुल भेकेने डोकं लावलं आणि बरोबरी झाली. दुसऱ्या हाफमध्ये कुणालाच गोल मिळाला नाही.

कुणी म्हणेल, हरलो तर नाही ना? पण हा २०२४ मधला आपला शेवटचा सामना होता, आणि मला सगळं वर्ष डोळ्यांसमोर दिसतंय. आशियाई कपमध्ये ऑस्ट्रेलिया ०-२, उझबेकिस्तान ०-३, सीरिया ०-१. मग अफगाणिस्तानशी एकदा ०-० आणि गुवाहाटीत चक्क १-२ हार. कोलकात्यात छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतशी ०-०. दोह्यात कतारकडून १-२. मॉरिशस ०-०, सीरिया ०-३, व्हिएतनाम १-१ आणि आज हे. अकरा सामने, सहा पराभव, पाच बरोबरी. शेवटचा विजय १६ नोव्हेंबर २०२३ चा, कुवेतमध्ये, मनवीरच्या गोलवर. म्हणजे एक वर्ष उलटून गेलं.

या अकरा सामन्यांत आपण १५ गोल खाल्ले, ते एक वेळ समजू शकतं. केले किती? चार. त्यातला एक छेत्रीची पेनल्टी, एक आजचा कॉर्नरवरचा, तोही डिफेंडरचा. चालू खेळातून वर्षभरात फक्त दोन गोल, कतारविरुद्ध छांगटेचा आणि व्हिएतनामविरुद्ध फारुखचा. आजची चर्चा गुरप्रीतच्या चुकीवर जाणार हे दिसतंयच, पण मला विचाराल तर खरा प्रश्न हा आहे की आपल्याकडे गोल कोण करणार?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. संयम सुटला तरी चालेल, आज माझाही सुटलाय.

डावा_पाय | १८ नोव्हेंबर, रात्री ११:१०

गुरप्रीतवर चर्चा जाणार नाही तर कुणावर जाणार? सामना कुठे बिघडला? १९व्या मिनिटाला. तोवर काही वाईट चाललं नव्हतं. इतका अनुभवी गोलकीपर, नॉर्वेत खेळून आलेला, युरोपा लीगमध्ये उतरलेला पहिला भारतीय, आणि त्याला कधी बाहेर यायचं ते कळू नये? शाळेतल्या मुलाला यावर बोलणी बसतील. विशाल कैथ मोहन बागानकडून एवढी वर्षं सातत्याने चांगलं खेळतोय. त्याने आणखी काय करून दाखवायचं? नाव मोठं म्हणून जागा राखीव, हे कधी थांबणार?

जुना_प्रेक्षक | १८ नोव्हेंबर, रात्री ११:२४

भेकेच्या गोलबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मुंबईचा पोरगा, आणि कॉर्नरवर वर चढून हेडर मारणं ही त्याची जुनी खासियत. मार्च २०१९, अंधेरीचं मैदान, आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) फायनल, बंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटं गोल नाही, जादा वेळ संपत आलेला, सगळ्यांची पेनल्टीची मानसिक तयारी झालेली. कॉर्नर आला आणि याच भेकेने असंच डोकं घालून कप जिंकून दिला होता. मी तेव्हा त्याच गोलपोस्टच्या मागे बसलो होतो. आज बॉल जाळ्यात गेला तेव्हा तो दिवस जसाच्या तसा आठवला. पुढच्या महिन्यात चौतीस पूर्ण करेल हा माणूस. वर्षाचा शेवटचा गोल त्याने करावा याचा आनंद आहे, आणि त्यालाच करावा लागावा याचं दुःखही.

अर्धरेषा | १८ नोव्हेंबर, रात्री ११:३१

जुनाप्रेक्षककाका, शेवटच्या वाक्याला हजार टक्के सहमत.

रेषेवरची | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

डावा_पाय, तुमचा राग समजतो. पण मी स्वतः विद्यापीठाच्या संघापर्यंत गोलमध्ये उभी राहिले आहे, तेव्हा त्या बॉलबद्दल थोडं सविस्तर लिहू द्या.

डिफेन्सची रेषा वर सरकली की बॅक आणि गोलकीपर यांच्यामध्ये वीस-पंचवीस यार्डांची मोकळी जागा पडते. ती जागा गोलकीपरची. त्याने तिथे राखणदारासारखं उभं राहायचं, बॉल आला की निघायचं आणि फॉरवर्डच्या आधी पोचायचं. हल्ली सगळेच कोच गोलकीपरकडून हे मागतात. निर्णय पहिल्या दोन पावलांत घ्यावा लागतो. बॉल पायातून सुटतो त्या क्षणी तुम्ही रेषेवर उभे असाल तर उशीर झालेलाच असतो. आणि एकदा निघालात की निघालात. पोचलात तर कुणाच्या लक्षातही राहत नाही, अर्धं पाऊल कमी पडलं तर मागे सगळं जाळं रिकामं. बॉक्सबाहेर हातही लावता येत नाही. तिथे हात लावून गोल वाचवला की लाल कार्ड आलंच.

मी अशी चूक केलेली आहे. ओरडून “माझा!” म्हणाले, आमची बॅक माझ्या आवाजावर थांबली, आणि बॉल आम्हा दोघींच्या मधून गेला. त्यानंतरचे चार-पाच सामने मी बॉक्सच्या बाहेर पाऊलच टाकलं नाही, आणि ते संघाला त्या एका गोलपेक्षा महाग पडलं. म्हणून सांगते, गुरप्रीतची चूक होती, मोठी होती, त्यात वाद नाही. पण ती धाडसाची चूक होती. महिन्यापूर्वी व्हिएतनाममध्ये याच माणसाने पेनल्टी अडवली नसती तर तो सामना १-१ राहिला असता का? विशालला संधी मिळायला हवी हे मला मान्य आहे. मैत्रीपूर्ण सामने त्यासाठीच असतात. फक्त ती विशालच्या खेळावर मिळावी, गुरप्रीतला शिक्षा म्हणून नको.

डावा_पाय | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

रेषेवरची ताई, एवढं समजावून सांगितल्याबद्दल आभार. लाल कार्डाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. तरी विशालबद्दल माझं मत कायम आहे.

गुणतक्ता | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

“फ्रेंडली होती, सोडा” असं सगळीकडे वाचतोय, म्हणून थोडा हिशोब मांडतो.

फिफाच्या क्रमवारीत २०१८ पासून प्रत्येक सामन्याला वजन असतं. ठरवून दिलेल्या तारखांमधल्या मैत्रीपूर्ण सामन्याला १०, त्या तारखांबाहेरच्या सामन्याला ५, पात्रता फेरीच्या सामन्याला २५. समोरचा संघ खालचा असेल तर तुम्ही जिंकणं अपेक्षित धरलं जातं, त्यामुळे बरोबरीनेही थोडे गुण जातात. काल आपण १२५वे, मलेशिया १३३वे. म्हणजे घरच्या मैदानावर बरोबरी करून आपले गुण कमी झाले. जुलै २०२३ मध्ये आपण ९९वे होतो.

आता याचं महत्त्व. २०२७ च्या सौदीतल्या आशियाई कपसाठी पात्रतेची शेवटची फेरी मार्चमध्ये सुरू होतेय. २४ संघ, चार-चारचे सहा गट, आणि गटातून फक्त पहिला जाणार. दुसऱ्याला काहीही नाही. डिसेंबरमध्ये ड्रॉ (गट ठरवायची सोडत) आहे आणि क्रमवारीतले वरचे सहा संघ वेगवेगळ्या गटांत पडतील. आपण त्या सहांत आहोत, पण काठावर. फ्रेंडली सोडून द्यायची चैन आपल्याला परवडणारी नाही.

आणखी एक. ऑक्टोबरमध्ये लेबनॉनने माघार घेतल्यावर आपण एकच सामना खेळलो. या वेळी ११ ते १९ नोव्हेंबर अशी सलग मुदत असताना पुन्हा एकच. दोन सामन्यांची जागा असताना एकावर भागवायचं, मग संघ बसला नाही म्हणून कुरकुरायचं, हे काही पटत नाही.

गोव्याचा_वारा | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

कोचबद्दल कुणी बोलणार आहे का? मानोलो मार्केझ जुलैत आले. चार सामने, एक हार, तीन बरोबरी. आणि सोबत एफसी गोवाचं कामही चालूच. एका माणसाने क्लब आणि देश दोन्ही सांभाळायचे, हे मला पहिल्या दिवसापासून खटकतंय. मी स्वतः गोवा क्लबचा पाठीराखा आहे, तरी म्हणतोय. आयएसएलच्या सामन्याआधी राष्ट्रीय संघातल्या खेळाडूला विश्रांती द्यायची की खेळवायचं, हा निर्णय घेताना त्याने कुठल्या खुर्चीत बसून विचार करायचा?

मैदानाकाठी | १९ नोव्हेंबर, सकाळी ११:००

गोव्याचा_वारा, तत्त्वतः बरोबर आहे. पण नोकरी एकच असती तरी मानोलोंना खेळाडू किती दिवस मिळाले असते? तेवढेच. क्लब सोडणार ते फिफाच्या तारखांनाच. उलट दर आठवड्याला ते आपल्या पोरांना समोरून बघतात. मला त्यांचा दोष कमी वाटतो. आधीचे कोच इगोर स्टिमाच यांना तर महिना-महिन्याची शिबिरं हवी असायची, आणि २०२३ मध्ये तीन स्पर्धा जिंकल्यावरही शेवट काय झाला ते आपण पाहिलंच.

मला काल बरं वाटलं ते डिफेंडर झिंगनला बघून. जानेवारीत आशियाई कपमध्ये सीरियाविरुद्ध गुडघा गेला, दहा महिने बाहेर होता. त्याच्या आणि अन्वरच्या जोडीने मागे उभं राहणं म्हणजे निम्मी काळजी मिटली. प्रश्न पुढच्या टोकाचा आहे.

तालमीतला | १९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

पुढच्या टोकावरच लिहायचं होतं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींचे, म्हणजे पेठांतल्या फुटबॉल संघांचे, सामने असले की पेठाच्या पेठा मैदानात असतात. तिथे पोराला विचारा कुठे खेळायचंय, दहातले सहा जण म्हणतील, फॉरवर्ड. गोल करायची हौस नसलेलं पोरगं आमच्याकडे जन्माला येत नाही. मग भारताच्या संघाला नऊ नंबर, म्हणजे मधला स्ट्रायकर, का सापडत नाही?

माझ्या भाच्याचं सांगतो. सोळाचा आहे, दोन्ही पायांनी मारतो, पाठीवर बॅक घेऊन बॉल धरायची त्याला उपजत जाण आहे. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या क्लबच्या निवड चाचणीला घेऊन गेलो. दिवसभर सामने खेळवले. संध्याकाळी तिथल्या कोचनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरगा चांगला आहे, पण त्याला विंगला, कडेला टाका, वर गेल्यावर मधल्या जागेवर परदेशी खेळाडूच असतो, तिथे याचा नंबर कधी लागणार? ते वाईट हेतूने बोलले नाहीत. पोराच्या भल्याचंच बोलले. पण परतीच्या गाडीत तो काही बोललाच नाही. कागलच्या पुढे आल्यावर म्हणाला, “मामा, मग मी गोल करायचा शिकू की क्रॉस मारायचा?” मला उत्तर देता आलं नाही.

आता वर बघा. छांगटे विंगवर. लिस्टन विंगवर. मनवीरला मोहन बागान उजव्या कडेने खेळवतं. विक्रम प्रताप कडेला. खुद्द छेत्री बंगळुरूत परदेशी स्ट्रायकर मिकूच्या बाजूला डावीकडून खेळला. आठवडाभर क्रॉस मारणारा पोरगा राष्ट्रीय संघात आला की आपण त्याला सांगतो, जा, आज क्रॉसच्या टोकाला उभा राहा.

मैदानाकाठी | १९ नोव्हेंबर, दुपारी २:०५

तालमीतला, हेच. अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि मला ते इतकं नेमकं मांडता आलं नाही.

मानोलोंचंच उदाहरण घ्या. २०२१-२२ ला त्यांनी हैदराबादला आयएसएल जिंकून दिली. त्या मोसमात त्यांच्या ओगबेचेने १८ गोल केले. नायजेरियाचा अनुभवी स्ट्रायकर. क्लबचा कोच म्हणून त्यांनी योग्यच केलं, कप जिंकायचा होता. आता राष्ट्रीय संघात आल्यावर तेच मानोलो विचारतायत, गोल कोण करणार? त्यांच्यासकट सगळ्या क्लब कोचांनी मिळून हे उत्तर आधीच देऊन ठेवलेलं आहे.

अर्धरेषा | १९ नोव्हेंबर, दुपारी २:४०

मग मलेशियासारखं का करत नाही? जोसुए मूळचा ब्राझीलचा. तिकडे वर्षानुवर्षं खेळला, नागरिक झाला, काल आपल्याला गोल मारून गेला. फिफाचा नियमच आहे, वयाच्या अठराव्या वर्षानंतर सलग पाच वर्षं त्या देशात राहिलात आणि नागरिकत्व मिळालं की खेळू शकता. आपण का मागे?

गुणतक्ता | १९ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्वच नाही. भारतीय पासपोर्ट हवा असेल तर आधीचा सोडावा लागतो. परदेशस्थ भारतीयांचं कार्ड असलेल्यांनाही २००८ पासून देशाकडून खेळता येत नाही. इंग्लंडमध्ये वाढलेला पोरगा तिकडचा पासपोर्ट परत करून इकडे येईल, ही अपेक्षा फार मोठी आहे.

जुना_प्रेक्षक | १९ नोव्हेंबर, दुपारी ४:००

एकाने केलं होतं ते. अराता इझुमी. जपानमध्ये जन्मलेला, वडील गुजराती. आमच्या पुणे एफसीकडून खेळायचा, बालेवाडीला कितीतरी वेळा पाहिलंय. दोन्ही पायांत जादू आणि वागण्यात कमालीचा नम्र. त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. तेव्हा तिशी ओलांडलेली होती. किती वर्षं मिळाली आपल्याला? एवढा मोठा त्याग करणाऱ्याला आपण उशिरा घेतलं आणि लवकर विसरलो.

दारं उघडली तर मला आनंदच होईल. पण तालमीतला यांच्या भाच्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. क्लबात परदेशी नऊ नंबर आहेच, मग देशातही बाहेरून आणायचा का?

डावा_पाय | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२२

मग उपाय सांगा ना कुणीतरी. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी चालतात. आधी सहा होते, मग पाच, आता चार. कमी करत आणले तरी क्लब कापतात ते बॅक नाहीतर मिडफिल्डर. स्ट्रायकर कुणी कापत नाही.

रेषेवरची | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

कापणारही नाहीत. गोल करणारा महाग असतो आणि कोचची नोकरी त्याच्यावर असते. म्हणून मला वाटतं, सक्ती वरच्या लीगमध्ये करण्यापेक्षा खेळायच्या जागा खाली वाढवाव्यात. राखीव संघांची लीग आत्ता काही महिन्यांत संपते. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला वर्षाला निदान तीस सामने मधल्या जागेवर मिळाले पाहिजेत. बॉक्समध्ये बॉल कुठे पडणार याचा वास सामने खेळूनच येतो. मी गोलमधून पाहिलंय, चांगली फॉरवर्ड बॉल येण्याआधी हलते. बॉल आल्यावर हलणाऱ्या पोरीची मला कधी भीती वाटली नाही.

गोव्याचा_वारा | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

ताई, शेवटची दोन वाक्यं आमच्या मुलांच्या संघाला वाचून दाखवणार आहे.

आणि छेत्रीला परत बोलवा म्हणणारे आता सुरू होतील. बंगळुरूसाठी अजून गोल करतोय हे खरं. पण चाळिशीतल्या माणसाकडे पुन्हा हात पसरावा लागला तर ते त्याचं मोठेपण, आणि आपली नामुष्की.

जुना_प्रेक्षक | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

छेत्रीचं नाव निघालं म्हणून सांगतो. जून २०१८, अंधेरीला चायनीज तैपेईविरुद्ध ५-० जिंकलो तेव्हा मैदानात जेमतेम अडीच हजार माणसं होती. त्यानंतर त्याने व्हिडिओ टाकून हात जोडले, आम्हाला शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, असं सांगितलं. केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना, तिकिटं संपली. धो धो पाऊस, छत्र्या मिटवून लोक उभे होते, ३-० जिंकलो आणि त्यातले दोन त्याचे. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. भिजून काकडला होता पण घरी चल म्हटलं तर ऐकेना. काल त्याने सामना बघितलाच नाही. अभ्यास आहे म्हणाला. मला गुरप्रीतपेक्षा आणि क्रमवारीपेक्षा याची जास्त भीती वाटते.

मैदानाकाठी | १९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

काका, हे वाचून गलबललं.

आज संध्याकाळी रेषेवरची यांनी लिहिलेलं डोक्यात ठेवून पहिला गोल पाच-सहा वेळा मागे-पुढे करून पाहिला. काल फक्त रिकामं जाळं दिसलं होतं. आज गुरप्रीतची पावलं बघितली. थांबायचा मोह टाळून तो पूर्ण ताकदीने निघालाय. चुकला, पण निघाला. काल रात्री मित्रांच्या ग्रुपवर त्याच्याबद्दल जे लिहिलं होतं ते काढून टाकलं.

मार्चपर्यंत आता सामना नाही. डिसेंबरच्या ड्रॉनंतर याच धाग्यावर भेटू, गट कुठलाही असो. तालमीतला, एक विचारायचं राहिलं. भाचा आता कुठे खेळतो?

तालमीतला | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

वर्षभर विंगला खेळला. क्रॉस छान मारायला लागला, पण सामना संपला की गप्प असायचा. या मोसमात त्याच्या शाळेच्या सरांनी स्वतःहून मध्ये घेतलंय. रविवारी सकाळी सामना आहे, नऊ नंबरची जर्सी काल घरी आणली, त्याच्या आईने रात्रीच धुऊन वाळत टाकली. मी जाणार आहे बघायला.